मधला खण अडकतो? रंधा अजून काढू नका

जुन्या विलायती ओक लाकडाच्या साईडबोर्डची, म्हणजे खण-दारं असलेल्या लांब कपाटाची, लक्षणं आधी सांगतो. यातलं तुमच्याकडे काय होतंय ते नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आषाढ लागला की खण जड होतो, श्रावणात अर्ध्यावर येऊन रुततो, आणि दिवाळीनंतर कोणी हात न लावता आपोआप सुटतो.

किंवा बरोबर उलटं: पावसाळाभर ठीक चालतो आणि ऐन मे महिन्यात अडकतो.

खण ओढला की एक बाजू पुढे येते आणि दुसरी मागे राहते.

खण आत जातो, पण शेवटचं बोटभर बाहेरच राहतो.

खालच्या दाराचा वरचा कोपरा चौकटीला घासतो, आणि दोन दारांमधली फट वर रुंद, खाली अरुंद दिसते.

खणाखाली किंवा पायापाशी पिवळसर पीठ सांडलेलं दिसतं. हे दिसलं तर मधलं सगळं सोडून थेट शेवटाकडे या.

मी सुतार. आमचे अण्णाही सुतार. तापीकाठच्या एका गावात एक जुना वाडा आहे, त्याच्या दिवाणखान्यात ओकचं एक नक्षीदार साईडबोर्ड आहे. सहा फूट लांब, खाली दोन दारं, वर तीन खण, त्यावर आरसा. दारांवर द्राक्षांचे घोस, दोन्ही टोकांना सिंहाची तोंडं आणि आरशाच्या डोक्यावर ओकचीच पानं-फळं कोरलेली. साहेब लोक गेले तेव्हा भुसावळच्या एका रेल्वे बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतलेलं, असं घरचे सांगतात. त्या साईडबोर्डसाठी मला गेल्या वीस-बावीस वर्षांत किती वेळा बोलावणं आलं हे मोजलेलं नाही, पण फोनवरचं पहिलं वाक्य पाठ आहे. काकू म्हणतात, "भाऊ, मधला खण परत उघडस नही." पुढे अमळनेर, चोपडा, धरणगाव, पारोळा अशा गावांतून असल्याच जुन्या विलायती सामानाची कामं आली आणि तक्रार बहुतेक ठिकाणी तीच निघाली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पंचविशीत होतो. श्रावण होता. खण ओढून काढला, बाजूंना रंधा मारला, मेण लावलं, खण सुळकन आत गेला. शंभर रुपये घेऊन घरी आलो. अण्णांनी विचारलं, "खाली पाय बघितले का?" नव्हते बघितले. उन्हाळ्यात तो खण खुळखुळ्यासारखा हलायला लागला आणि पुढच्या आषाढात परत अडकला. म्हणजे लाकूड गेलं आणि दुखणं राहिलं. मी काढलेले ते तीन मिलिमीटर नंतर मीच पट्ट्या चिकटवून भरून दिले. त्या पट्ट्या अजून दिसतात, रंग जुळलेला नाही.

म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या चारांना जवळजवळ काही खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात.

आधी रिकामं करा

खण जोरात ओढू नका. मुठी पितळी असल्या तरी त्यांचे आतले स्क्रू बहुतेक वेळा लोखंडी आणि गंजलेले असतात. मूठ हातात येते आणि खण आतच राहतो. अडकलेल्या खणाच्या वरचा किंवा शेजारचा खण आधी काढा, त्या जागेतून आत हात घाला आणि मागून ढकला. वर खण नसेल तर खालचं दार उघडून, मध्ये फळी नसल्यास, खालून बुडाला आधार देत पुढे सरकवा.

मग सगळं सामान बाहेर. हे सांगायला लागू नये, पण लागतं. त्या वाड्यात मधल्या खणात पितळी डबे, अडकित्ते, जुनी वजनं, आणि कोणाच्या तरी लग्नातले चांदीचे पेले होते. खण उचलताना मला आणि काकूंच्या नातवाला दम लागला. साईडबोर्डचे खण काटे-चमचे आणि टेबलक्लॉथसाठी बनवलेले असतात. एवढ्या वजनाने बुडाची फळी पोटात झुकते आणि खालच्या आडव्या पट्टीला घासते. वरून बघणाऱ्याला वाटतं लाकूड फुगलं.

वजनांवरून एक सांगून ठेवतो. ओकच्या लाकडातून वर्षानुवर्षं आंबट वाफ सुटत राहते, त्यात ॲसेटिक ॲसिड असतं. शिशाच्या वस्तू बंद खणात ठेवल्या तर त्यांच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते. ती बुरशी नसते, शिसं खाल्लं जात असतं. ती पूड विषारी आहे, पोरांचे हात लांब ठेवा.

खण बाहेर आल्यावर रिकाम्या जागेत बॅटरी मारून बघा. मागे पडलेला चमचा, लग्नपत्रिका, निघून आलेला खिळा. शेवटचं बोटभर आत न जाणाऱ्या खणाचं कारण दहातल्या निम्म्या वेळा हेच निघतं.

खण अदलाबदल तर झाले नाहीत?

तिन्ही खण दिसायला सारखे असतात, मापाला नसतात. जुन्या कारागिराने प्रत्येक खण त्याच्या त्याच्या घराला घासून बसवलेला असतो. दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही बाहेर निघतात, पुसले जातात, आणि डावा मधल्या घरात जातो. हिवाळ्यात चालून जातो, पावसाळ्यात अडकतो, आणि दोष पावसावर जातो.

खणाच्या पाठीवर किंवा बुडाखाली बघा. शिसपेन्सिलीने किंवा पटाशीच्या टोकाने केलेल्या खुणा असतात: आकडा, किंवा एक-दोन-तीन रेघा. तशीच खूण आतल्या चौकटीवर कुठेतरी सापडते. नसेल तर जागा बदलून सगळ्या मांडण्या करून बघा, तीन खणांच्या सहाच मांडण्या होतात. बसला की बुडाखाली खडूने लिहून ठेवा. बॉलपेनने नको, स्टिकर तर मुळीच नको.

या एका तपासणीत मी दोन वेळा चहा पिऊन फुकट परत आलो आहे. लोकांना पैसे द्यायचे असतात, पण खणांची जागा बदलण्याचे पैसे घ्यायचे कसे?

कोणत्या महिन्यात अडकतो, आणि कूलर कुठे आहे

आपल्याकडचे सुतार साग ओळखतात. सातपुड्याचा साग हातात घेऊन वाढलेली माणसं आम्ही. ओक आला की त्यालाही सागाच्याच नियमाने वागवतो आणि फसतो. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवरून ६० वर आली की साग आडव्या अंगाने साधारण सव्वा टक्का आकसतो. ओक अडीच टक्के. म्हणजे दुप्पट. खणाची बाजू १५ सेंटिमीटर उंच असेल तर हिशेब पावणेचार मिलिमीटरपर्यंत जातो. चांगल्या ओकच्या फळ्या गाभ्यातून बाहेर अशा त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या असतात, अंगावर चकाकणारे आडवे पट्टे दिसतात त्या. त्या दीड टक्क्याच्या आसपासच हलतात, म्हणून कारागीर दर्शनी भागाला त्या वापरत. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. त्यामुळे खण वर-खाली अडकतो, पुढे-मागे वाढत नाही.

तुमचं लाकूड खरंच ओक आहे का, हेही त्या चकाकीवरूनच कळतं. मुंबईकडून आलेलं काळं कोरीव सामान बहुधा शिसवाचं असतं, आणि गावात त्यालाही 'इंग्रजी ओक' म्हणतात.

आता आपली हवा बघा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. जुलैत तीच हवा पाण्याने जड. मोजमाप सांगायचं तर हवेतली आर्द्रता ३० टक्के असताना लाकूड स्वतःत सहा टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, ८० टक्के असताना पंधरा-सोळा. इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेत बनलेल्या सामानाला एवढा झोका माहीत नव्हता. तरीही ते शंभर वर्षं चाललं, कारण लाकूड ही फुगवट एका दिवसात घेत नाही, आठवडे लागतात, आणि करणाऱ्याने थोडी मोकळीक ठेवलेली असते.

तर पावसाळ्यात थोडा जड होणारा आणि दिवाळीनंतर सुटणारा खण आजारी नाही. त्याला तसाच राहू द्या. सामान कमी करा, मेण लावा (पुढे सांगतो), पाऊस सरेपर्यंत रोज लागणाऱ्या वस्तू दुसरीकडे ठेवा.

मे महिन्यात अडकणारा खण मात्र मला कोड्यात टाकायचा. सगळं लाकूड आकसलेलं असताना हा फुगतो कसा? उत्तर खिडकीत होतं. कूलर. कूलरचा ओला झोत सरळ साईडबोर्डच्या डाव्या अंगावर येत होता. डावी बाजू जुलैत, उजवी बाजू मेमध्ये. एकाच सामानात दोन ऋतू. खण तिरका झाला, आणि बाजूच्या फळीला उभी चीर पडली ती वेगळीच. कूलरचं तोंड फिरवलं, साईडबोर्ड तिथून चार हात सरकवलं, तीन आठवड्यांत खण सुटला.

भिंतीपासूनही चार बोटं अंतर ठेवा. मातीच्या जाड भिंतीतली ओल पाठीच्या पातळ फळ्या पितात. धाब्याचं घर असेल आणि वर गळत असेल तर आधी धाबं बघा. तीन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ मिळतं, ते वर ठेवा आणि महिन्यातून दोनदा कॅलेंडरवर आकडा टिपा. दोन ऋतूंच्या नोंदी हातात असल्या की मग अंदाज बांधायची गरज राहत नाही.

पाय आणि जमीन: जे मी बघितलं नव्हतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

खानदेशातली बरीच जुनी घरं काळ्या मातीत उभी आहेत. ही कापसाची माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की भेगेत हात जातो. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा तो गुण आहे. पाया खोल मुरमापर्यंत नेला असेल तर भिंत टिकते, पण खोलीतली फरशी बहुधा नुसत्या भरावावर असते. ती दरवर्षी थोडी वर येते, थोडी बसते, आणि सगळीकडे सारखी नाही. वाड्यात शहाबादी फरशी आहे. त्या दिवाणखान्यात उंबऱ्याकडची बाजू पावसाळ्यात उचलते, हे मला गोटीने दाखवलं. काकूंच्या नातवाची गोटी जूनमध्ये खिडकीकडे घरंगळायची, जानेवारीत जागेवर थांबायची.

हलक्या खाटेचा एक पाय आखूड पडला तर खाट डुगडुगते आणि आपल्याला लगेच कळतं. साईडबोर्ड डुगडुगत नाही. ते इतकं जड असतं की चारही पाय जमिनीला टेकवूनच ठेवतं, आणि मधल्या मध्ये स्वतः पिळलं जातं, धुतलेलं धोतर पिळल्यासारखं. पुढची चौकट एका दिशेला, मागची दुसऱ्या. त्या पिळलेल्या घरात सरळ खण कसा चालणार? तो एका कोपऱ्यात रुततो. बघणारा म्हणतो खण फुगलाय.

तपासणी अशी. गवंड्याकडची दोन फुटी लेव्हल पट्टी आणा. वरच्या फळीवर लांबीत ठेवा, मग दोन्ही टोकांना आडवी ठेवा. लांबीत थोडा उतार असला तर हरकत नाही, सगळं सामान एकसंध कलतं. पण डाव्या टोकाला बुडबुडा पुढे आणि उजव्या टोकाला मागे असेल तर सामान पिळलेलं आहे. मग दारं उघडून पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन आकडे सारखे हवेत. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे.

उपाय म्हणजे पाचर. सागाची पातळ पट्टी, तीही नसेल तर पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली चार पानं. एकाने पुढून चौकट किंचित उचलून धरायची, पहारीने नाही, हाताने, आणि खालच्या जाड पट्टीला धरून. कोरीव कडांना कधीच धरू नका. दुसऱ्याने बसलेल्या पायाखाली पान सरकवायचं. परत लेव्हल, परत खण. एकेक पान वाढवत जा. एका क्षणी खण मऊ होतो, दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी होते. पहिल्यांदा हे हाताला कळलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. तीन वर्षं ज्या खणाशी झुंजलो, तो दीड मिलिमीटर पुठ्ठ्याने सुटला.

मग पुठ्ठा काढून तेवढ्याच जाडीची सागाची पाचर घाला, कारण पुठ्ठा ओल पितो आणि वाळवीला आवडतो. पाचरेवर महिना लिहा. आता त्या वाड्यात एक डबीच आहे. 'जून' लिहिलेली पाचर पहिल्या पावसानंतर आत जाते, कार्तिकात बाहेर निघते. काकू स्वतः करतात, मला बोलावत नाहीत.

घासल्याच्या खुणा आणि मेण

पाय सरळ झाल्यावरही खण कुरकुरत असेल तर लाकूडच सांगेल कुठे. खणाच्या बाजूंवर चकाकलेला किंवा काळपट पट्टा बघा. दिसत नसेल तर बाजूंना साधा खडू फासा, खण एकदा आत-बाहेर करा, खडू जिथे पुसला गेला तिथे घास आहे. तेवढ्याच जागी मेणबत्ती घासा, किंवा मधमाशीचं मेण. खालच्या पट्ट्यांवरही.

खोबरेल नाही, शिवणयंत्राचं तेल नाही, अंगाचा साबण नाही. तेल लाकडात मुरतं, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होतो. साबण हवेतलं पाणी ओढतो, म्हणजे श्रावणात जे नको तेच. पॉलिश पेपरही नको. शंभर वर्षं हात लागून गुळगुळीत झालेला तो थर एकदा गेला की परत येत नाही.

पितळ चकाकवायचं असेल तर मुठी काढून चकाकवा. जागेवर चिंच लावली की ओघळ लाकडावर येतो. लोखंडी काथ्याने घासलं तर अजून वाईट. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं आणि लोखंडाचा बारीक कण ओलसर टॅनिनला भेटला की निळा-काळा डाग पडतो, शाईसारखा. शाई खरंच तशी बनवत असत.

खालच्या पट्ट्या, बुडाची फळी, बिजागरी

इथून पुढे पैसे आणि हातोटी दोन्ही लागतात. घरात कोणाला सुतारकामाचा हात असेल तरच करा.

खण ज्या दोन पट्ट्यांवर सरकतो त्यांना आम्ही रनर म्हणतो. शंभर वर्षांत खण त्यांत चर पाडतो, आणि खणाच्या बाजूंची खालची कडही झिजते, मागे जास्त, पुढे कमी. मग खण मागे बसतो, पुढचं तोंड वर उचलतं आणि वरच्या पट्टीला अडकतं. इथेही फुगल्यासारखंच दिसतं, आणि इथे रंधा मारला तर काम बिघडतं, कारण लाकूड आधीच कमी पडलेलं आहे. झिजलेल्या पट्टीत बोट फिरवा, चर नखाला लागतो. बाहेर डोकावणारे खिळे असतील तर ते पंच ठेवून आत बसवा.

उपाय म्हणजे झिजलेल्या जागी तेवढीच पट्टी बसवणं. चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा जुना गोंद. बाजारातला पांढरा गोंद नाही. सरस गरम पाण्याने आणि ओलीने परत सुटतो, म्हणजे माझी चूक पुढच्या सुताराला दुरुस्त करता येते. पांढरा गोंद एकदा सांध्यात मुरला की त्याच्यावर दुसरं काही नीट धरत नाही. सरसाचे दाणे रात्रभर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी भांड्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, ताकद जाते. आणि हे काम हिवाळ्यात करा. दमट हवेत सरस वाळत नाही.

बुडाची फळी झुकली असेल तर खण उलटा करून मागची बाजू बघा. फळी खाचेत मोकळी सरकायला हवी, म्हणून ती फक्त मागे एक-दोन स्क्रूंनी धरलेली असते. कोणी तरी प्रेमाने चारही बाजूंनी गोंद लावलेला असतो. मग ती आकसायला जागा शोधते आणि मधून फाटते. उन्हाळ्यात रात्री 'टक्' असा आवाज येतो तो हाच.

दार खाली आलं असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. भोक सैल असेल तर काडेपेटीची काडी नको, ती मऊ असते. सागाची किंवा बांबूची बारीक काडी सरसात बुडवून ठोका, वाळू द्या, मग स्क्रू. ओकमध्ये लोखंडी स्क्रू गंजून डोकं तुटतं, पितळी बसवा. पितळ मऊ असतं, म्हणून आधी बारीक भोक पाडायचं, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून एकदा आत-बाहेर करायचा, आणि मग पितळी. जुना गंजलेला स्क्रू हलत नसेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा, थंड होऊ द्या, मग फिरवा. दोनदा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा नको.

आणि रंधा? मी आता वर्षातून एखाद्या वेळी काढतो. तेही खण कोरड्या मोसमातही अडकत असेल, जमीन समपातळीत असेल, पट्ट्या ठीक असतील, खण आपल्याच घरात असेल, आणि आधीच्या कोणी चिकटवलेली जाड पट्टी समोर दिसत असेल तर. मूळ लाकडाला नाही.

इथे थांबा

पिवळसर पीठ. काळा कागद खाली पसरा, दोन दिवसांनी बघा. परत पडलं असेल आणि लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर पोरकिडा, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, जिवंत आहे. तो ओकच्या बाहेरच्या फिकट लाकडात शिरतो. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, ती जमिनीतून येते आणि साईडबोर्डपुरती थांबत नाही. दोन्हींसाठी कीड नियंत्रणवाला बोलवा आणि त्याला आधीच सांगा की वरून फवारायचं नाही, पॉलिशवर डाग पडतात. रॉकेल ओतू नका. मेण उतरतं, वास वर्षभर जात नाही, आणि आगीचा धोका घरात आणता.

कोरीव काम. द्राक्षाचा दाणा, सिंहाचा कान, पान, काहीही सुटलं तर तो तुकडा कागदात गुंडाळून, कुठला ते लिहून, डबीत ठेवा. स्वतः चिकटवू नका. सगळ्यात जास्त वाटोळं झालेलं मी इथेच बघितलंय: झटपट गोंदाने वाकडं बसवलेलं पान, आजूबाजूला पांढरा ओघळ, आणि खरी जोडणी आता कायमची बंद.

चौकटीचे सांधे. पाय सरळ केल्यावरही कर्ण जुळत नसतील आणि कोपरा हाताने हलत असेल तर आतलं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, तुटलेलं आहे. पूर्ण खोलून जोडण्याचं काम आहे. लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट मारून देणारा सुतार भेटेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आरसा. जुन्या आरशांच्या पाठीला कथील आणि पाऱ्याचा थर असू शकतो, १९०० पर्यंत तसे आरसे बनत होते. मागची फळी उघडू नका, खाली चमकदार थेंब किंवा राखाडी पूड दिसली तर झाडू नका, व्हॅक्यूम तर नकोच. पोरांना लांब ठेवून जाणकाराला बोलवा.

निळे-काळे डाग. ते ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण ते विष आहे आणि पॉलिशही जातं. सोडून द्या.

फरशीबरोबर भिंतीलाही तिरकी भेग वाढत असेल तर सुतार आणि साईडबोर्ड दोन्ही विसरा, बांधकाम अभियंत्याला दाखवा.

सामान खरंच मोलाचं असेल तर गावातल्या कोणाच्याच हाती देऊ नका, माझ्याही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची सांस्कृतिक मालमत्तेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे विचारणा करून योग्य माणसाचा पत्ता काढा. आणि 'परदेशात पाठवतो, चांगला भाव येईल' म्हणणारा दलाल आला तर शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, एवढं त्याला ऐकवा.

सुताराला फोन करण्याआधी हे एका कागदावर लिहून ठेवा: कोणता खण, कोणत्या महिन्यात, कोणत्या कोपऱ्यात घासतो, दोन्ही कर्णांची मापं, लेव्हलचा बुडबुडा दोन्ही टोकांना कुठे आहे, आणि कूलर किती हातांवर आहे. हे ऐकून जो "आणा, रंधून देतो" म्हणेल, त्याच्याकडे दुसरं काम असेल तर द्या, हे देऊ नका.